आईंना झेपेल असं मशीन

मेट्रनबाईंना मोठं मशीन हवं होतं आणि त्यांच्या सुनेला छोटं. एखाद्या वस्तूवरून या दोघींचं एकमत होऊ नये, ही त्या घरात नवलाचीच गोष्ट होती.

हॉस्पिटलमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणत. घर दुमजली. खाली त्या, वर मुलगा आणि सून. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. झोपायला वर-खाली असले तरी स्वयंपाकघर खालचं एकच होतं, आणि तिथे बसून या दोघी घराचा कारभार ठरवायच्या. पडदे कुठल्या रंगाचे, पाण्याची टाकी कुठे बसवायची, मुलाच्या त्या धूर ओकणाऱ्या मोटारसायकलीला कुणाच्या गळ्यात मारायचं. सगळं आधी या दोघींचं ठरायचं, मग मुलाच्या कानावर जायचं. "तुमचं दोघींचं ठरलंय ना? मग मला कशाला सांगता?" असं तो म्हणायचा. दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या.

पुढच्या फरसबंद अंगणात आणि बाजूच्या बोळात फार शेवाळ धरायचं. मेट्रनबाई तारेच्या ब्रशने घासायच्या आणि नंतर आठवडाभर गुडघ्यांना शेक द्यायच्या. एकदा कचऱ्याची बादली घेऊन जाताना त्या घसरल्या. भिंतीचा आधार मिळाला म्हणून निभावलं. तेव्हा सूनच म्हणाली, "आई, आता पुरे झालं हे घासणं. जोरात पाणी मारायचं मशीन घेऊ या. प्रेशर वॉशर. तुम्हाला झेपेल असं बघू."

दुकानात मशिनं ओळीने मांडली होती. दुकानदार माणूस बोलका. मेट्रनबाईंनी शिरल्याशिरल्या सगळ्यात धिप्पाड मशिनावर हात ठेवला. "एकदाच घ्यायचं तर दणकट घ्यावं. आणि ते गरगर फिरणाऱ्या पाण्याचं नोझल पण द्या."

"हे गॅरेजवाले नेतात, मावशी," दुकानदार म्हणाला. "एवढ्या दाबाने घरची फरशी धुतलीत तर सांध्यातलं सिमेंट निघून येईल. आणि त्या फिरत्या नोझलने भिंतीचा रंग टवके उडाल्यासारखा उडतो. घरासाठी मधला दाब पुष्कळ. वापरणार कोण?"

"आई," सून म्हणाली.

"म्हणजे आम्ही दोघी," मेट्रनबाई म्हणाल्या.

सुनेने एक लहानसं, चाकांचं मशीन पुढे ओढलं. "आई, हे उचला बघू. असं नाही, पायरीवर चढवताना उचलाल तसं." मेट्रनबाईंनी उचललं. मग तिने पाणी मारायच्या बंदुकीचा चाप दाबायला लावला, कारण त्यांची बोटं दुखायची. एका बंदुकीचा चाप घट्ट निघाला, ती बाजूला ठेवली. नळाला पाइप जोडायची कळ नुसती दाबली की बसणारी हवी, पिळायची नको. तीही मेट्रनबाईंकडून लावून घेतली, काढून घेतली, पुन्हा लावून घेतली. फरशीसाठी खाली गोल झाकण असलेला ब्रश घेतला. त्याने पाणी अंगावर उडत नाही आणि वाकावंही लागत नाही. भिंतीसाठी लांब दांडी, साबणाच्या फेसाची बाटली, पाण्यातला कचरा अडवणारी जाळी. पाइप मात्र सुनेने आखूड नाकारला. "बोळाच्या टोकापर्यंत पोचला पाहिजे. मशीन ओढत न्यायला लागू नये."

"नशीबवान आहात, मावशी," दुकानदार म्हणाला. "पोटच्या पोरीही एवढं बघत नाहीत."

"आमचं असंच आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. घरी येताना रिक्षात त्यांनी खोका मांडीवर धरला होता, आणि त्यांना मनातून फार बरं वाटत होतं. मोठ्या मशिनाची हौस त्यांनी आनंदाने सोडून दिली होती.

मशीन अंगणातल्या नळावर चालवायचं तर नळ नीट उंचीवर हवा होता. सुनेने प्लंबरला सांगून ठेवलं होतं. तो आला तेव्हा मुलगा आणि सून कामावर गेलेले. मेट्रनबाई जवळ खुर्ची टाकून बसल्या. प्लंबरने नवा नळ कमरेच्या उंचीवर बसवला, पाणी सोडून दाखवलं, आणि शेजारी बसवलेल्या एका लाल दांडीवर पाना टेकवला.

"आणि हा वरच्या मजल्याचा कॉक. आता वरचं पाणी बंद करायला तुम्हाला जिना चढायला नको."

"वरचं पाणी कशाला बंद करायचं?"

"रिकाम्या घरात पाणी चालू राहिलं आणि कुठे गळायला लागलं तर पत्ताही लागत नाही, बाई. वहिनीच म्हणाल्या, आम्ही जायच्या आधी एवढं करून द्या."

"कुठे जायच्या आधी?"

प्लंबरने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मग उगाचच पाना पुसायला लागला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मला काही नक्की ठाऊक नाही, बाई. तुम्ही वहिनींनाच विचारा."

तो गेल्यावर मेट्रनबाई तिथेच बसून राहिल्या. नवा नळ थेंब थेंब टपकून गप्प झाला. त्यांना दुकान आठवलं. सुनेचा तो सूर कुठे ऐकलाय, ते त्यांना तेव्हा उमगलं नव्हतं. आता उमगलं. तो त्यांचाच होता. पेशंटला घरी सोडायच्या आधी त्या असंच करून घ्यायच्या. हं, आता तुमच्या हाताने टोचा बघू इंजेक्शन. छान. पुन्हा एकदा. पेशंट कौतुकाने फुलून जायचा.

मग एकेक गोष्ट पुढे यायला लागली. वरच्या फळीवरचे जड डबे सुनेने खाली आणून ठेवले होते. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला होता. विजेचं बिल फोनवरून कसं भरायचं, ते मांडीला मांडी लावून शिकवलं होतं. प्रत्येक वेळी मेट्रनबाईंनी शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं. शेजारीण काय समजली असेल, कोण जाणे.

संध्याकाळी सून फाटकातून आत आली ती थेट नळाकडेच. "बसला का नळ? वा! चला आई, आजच सुरू करून बघू."

"कधी जाताय?" मेट्रनबाईंनी विचारलं.

सुनेच्या खांद्यावरची पर्स घसरून कोपरापर्यंत आली. तिने ती वर घेतली नाही. "प्लंबर बोलला?"

"त्याचं काय चुकलं? त्याला वाटलं, घरच्या माणसाला ठाऊक असेल."

"सांगणारच होते, आई. दुसऱ्या शहरात मला स्वतःचं दुकान चालवायला मिळतंय. यांनीही बदली मागून घेतली. मी म्हटलं, आधी तुमची सगळी सोय लावावी, आणि मग—"

"सोय माझी लावलीस की स्वतःच्या मनाची?"

सुनेने नव्या नळाची तोटी उगाच घट्ट पिळली.

"मला सांगितलं असतंस तर मी काय आडवी पडले असते?"

"नाही. तुम्ही हसत हो म्हणाला असतात." सुनेने पर्स पायरीवर ठेवली. "शिवाय तिकडे येऊन घर लावून दिलं असतंत. डबे कुठे, भांडी कुठे, सगळं आपण दोघींनी ठरवलं असतं. आई, मला एकदा तरी माझं स्वतःचं स्वयंपाकघर हवंय."

मेट्रनबाईंना वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. "आणि हे कुणाचं होतं?"

"तुमचं," सून हळू आवाजात म्हणाली. "मी फक्त तुम्हाला पटेल तेच बोलायचे."

एवढ्यात मुलगा आला. दोघींचे चेहरे बघून त्याने ओळखलंच. "आई, अगं तुला वाईट वाटू नये म्हणून ही म्हणाली, मशीन आलं, नळ बसला की मग सांगू. मी तर कधीचा—"

"तुमचं दोघांचं ठरलंय ना?" मेट्रनबाई उठत म्हणाल्या. "मग मला कशाला सांगता?" त्या आत गेल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेतलं.

जायच्या दिवशी भांडण झालं नाही. मेट्रनबाईंनी सामान बांधायला दोरी काढून दिली, प्रवासात पाणी जपून प्या म्हणाल्या. सून पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. ट्रक कोपऱ्यावर वळला. त्या अंगणातल्या नळापाशी आल्या आणि लाल दांडी फिरवून त्यांनी वरचं पाणी बंद केलं.

मशीन खोक्यातच राहिलं. "वापरलं का, आई?" सून फोनवर विचारायची. "हो, छान चालतं," त्या सांगायच्या. इकडे बोळ पुन्हा हिरवा झाला. दूधवाला घसरता घसरता वाचला आणि जाताना बडबडत गेला, तेव्हा नाइलाजाने त्यांनी खोका फोडला.

कळ दाबली, पाइप बसला. चाप बोटांना जरासुद्धा जड गेला नाही. गोल ब्रश फरशीवर सरकत गेला आणि त्याच्यामागे फरशीचा मूळ रंग उघडा पडत गेला, कधी काळी ती लालसर होती हेही त्या विसरल्या होत्या. पाइप बोळाच्या टोकापर्यंत पोचला. वाकावं लागलं नाही, अंगावर थेंब उडाला नाही. सगळं तंतोतंत त्यांच्या मापाचं होतं. मशीन जड निघालं असतं, हात भरून आले असते, तर सुनेला चार शब्द सुनवता आले असते. तेवढीही जागा तिने ठेवली नव्हती. मेट्रनबाईंनी मशीन बंद केलं आणि ओल्या पायरीवर बसून त्या कितीतरी वेळ रडल्या. नवरा गेल्यावर त्या अशा रडल्या नव्हत्या; तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

बऱ्याच दिवसांनी सून एकटीच आली. दुकानासाठी माल घ्यायला आली होती, दुपारच्या गाडीने परत जाणार होती. अंगण बघून खूश झाली. "किती लख्ख ठेवलंय, आई!" म्हणत ती सवयीने सरळ स्वयंपाकघराकडे निघाली. "तुम्ही बसा, मी चहा टाकते."

"अगं, तू कशाला? तू बस बाहेर," मेट्रनबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पाहुण्यांसाठीची कपबशीची जोडी त्यांनी काढली, ट्रेवर स्वच्छ रुमाल अंथरला. सून बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर धरून. इतकी वर्षं या घरात राहूनही ती त्या खुर्चीवर कधी बसली नव्हती.

पाणी उकळलं. मेट्रनबाई चमचा हातात घेऊन दारात आल्या आणि त्यांनी विचारलं, "साखर किती घेतेस तू?"

सुनेने वर बघितलं. तिला आधी वाटलं, आई थट्टा करताहेत.

"एक चमचा," ती शेवटी म्हणाली.

"बरं," म्हणून मेट्रनबाई आत गेल्या.