पऱ्हाटीच्या गंजीपाशी वळ

माझा आवाज मोठा आहे. अंगणवाडीत मदतनीस होते तेव्हा पोरं तो ऐकूनच ताटावर येऊन बसायची. विहारात कार्यक्रम असला की माझा भाऊ उकंडा म्हणायचा, माइक कायले आणता, आमची सत्यशीला हाय ना. तर असा हा आवाज त्या वर्षी एका मोबाइलमध्ये जाऊन बसला आणि दीपाला वाट दाखवू लागला.

दीपा ही उकंडाची मुलगी, माझी भाची. पंचविशीला आलेली, अंगाने भरलेली, मोकळं हसणारी. तिला डावं-उजवं कळत नाही, घड्याळ कळत नाही, आणि रोजच्या रस्त्यावरसुद्धा एखादी शेळी आडवी गेली की आपण कुठून आलो आणि कुठं निघालो हे तिच्या डोक्यातून सुटून जातं. गावात लोक तिला मंद म्हणतात. माझ्यासमोर म्हणत नाहीत. एकाने म्हटलं होतं, तो अजून माझ्या दारावरून जाताना सायकलवरून उतरतो.

आमची वस्ती बोरी अरबच्या अलीकडे, शेतांच्या मधोमध. उकंडा पुसदला एका शाळेत शिपाई, सुट्टी लागली की येणार. घरात त्याची बायको पंचफुला, दीपा आणि मी. पंचफुला मजुरीला जायची, मी चुलीपाशी, आणि दीपा दिवसभर उंबऱ्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कुठी चालले?' विचारायची, आणि उत्तर ऐकायच्या आधी माणूस निघून गेलेला असायचा. असा एक जन्म त्या उंबऱ्यावर जाणार हे मला दिसत होतं, आणि मला त्याचा राग यायचा. कोणावर, ते कळत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांवर काढायचे.

मग बोरीतल्या वच्छलाबाईंच्या बचत गटात दीपाला बोलावणं आलं. गट पापड-शेवया करायचा. दीपाला लाट्या तोडायला बसवलं, तर तिने अशा सारख्या लाट्या तोडल्या की वच्छलाबाई म्हणाल्या, "ह्या पोरीले रोज पाठवा. पण रोज पाठवाचं असंन तरच. मधीमधी नाही चालत, दुसरी बाई घ्या लागते." त्या संध्याकाळी दीपा घरी आली ती गुणगुणत. भांडी घासताना गुणगुणली, झोपताना गुणगुणली. उंबऱ्यावर बसलीच नाही.

पण रोज न्यायचं कोणी? माझे गुडघे गेलेले. पंचफुलाला कापसाची वेचणी सोडता येईना, कारण ते बोंडअळीचं वर्ष होतं. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. वेचायला दिवस तेवढाच जायचा आणि कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस निम्मा यायचा. एक दिवस चुकवून चालायचं नाही. आणि दीपाला एकटीला सोडायचं म्हटलं की पंचफुलाचा चेहराच बदलायचा. दीपा लहान असताना दारव्ह्याच्या बाजारात हरवली होती. दिवस मावळताना बसस्टँडवर सापडली, पायात चप्पल नाही, रडून रडून आवाज बसलेला. तेव्हापासून पंचफुला बाजारात गेली की आपल्या पदराची आणि दीपाच्या ओढणीची गाठ मारूनच चालते. लोक हसतात. हसू देत म्हणते.

वच्छलाबाईंनीच यवतमाळच्या एका संस्थेत शब्द टाकला आणि तिथून अर्पिता मॅडम आल्या. कोवळी पोर, खांद्याला पिशवी, स्कूटीवर धूळ खात आली. तिने आधी फोनमधला साधा नकाशा लावून दाखवला. आतून कोणी बाई बोलली, "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा." दीपाने फोन उलटा-पालटा करून पाहिला आणि मला विचारलं, "आत्या, हे कोण हाय? हिले माह्यं घर मालूम हाय का?"

अर्पिता मॅडम हसल्या. म्हणाल्या, हे आपल्या कामाचं नाही, आपलं वेगळं आहे. मग त्यांनी दुसरं काढलं. त्यात नकाशाच नव्हता. एकामागून एक फोटो, वाटेवरच्या खुणांचे. खुणेच्या जवळ आलं की फोन थरथरतो, फोटो मोठा होतो आणि ओळखीचा आवाज सांगतो की आता हे कर. खूण समोर दिसली की हिरवं बटण दाबायचं, मग पुढचा फोटो. दिसली नाही तर जागीच थांबायचं. अगदीच अडलं तर आत्याचा फोटो दाबायचा, आत्याला फोन लागतो. आवाज कुणाचा घ्यायचा यावर चर्चाच झाली नाही. पंचफुलाने माझ्याकडे बोट केलं.

"खुणा तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. "फक्त न हलणाऱ्या सांगा हं. बैलगाडी नको, माणूस नको. कायम तिथंच असेल असं काही."

आम्ही सांगितल्या. विहारावरचा निळा झेंडा. हापशी. मग मारोतरावाच्या शेतापाशी वाट फुटते, एक बोरीला, एक नाल्याकडे, तिथं पऱ्हाटीची गंजी. पुढे पुलिया, म्हणजे लहानसा पूल, आणि मग गटाच्या खोलीचं हिरवं दार. कायमचं म्हणून आम्ही गंजी सांगितली, आणि सांगताना पापणी लवली नाही. आमच्याकडे कापूस पिको न पिको, शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून गंजी लागते, आणि वर्षभर चूल तिच्यावर पेटते. मारोतरावाची गंजी मी परकर घालायचे तेव्हाही त्याच वळणावर होती. मॅडम शहरातल्या, त्यांनी फोटो काढून घेतला. रोज चुलीत तीच पऱ्हाटी कोंबणाऱ्या आम्ही दोघींनी मान हलवली.

मी घसा साफ करून बोलले, "दीपा, पऱ्हाटीच्या गंजीपाशी वळ. गंजी तुह्या पाठीमागं राह्यली पाह्यजे. दिसली नाही तर थांब."

काही दिवस मी लंगडत लंगडत तिच्या मागून गेले. ती पुढे, हातात फोन, फोनमध्ये मी, आणि मागे पुन्हा मी. दीपा एकदाही चुकली नाही. मी मागून "अवं इकडं" म्हटलं तरी ती माझ्याकडे बघायची नाही, फोनमधल्या माझंच ऐकायची. मला थोडं लागलंच ते.

शेवटी पंचफुला कबूल झाली, पण अट घालून. आदल्या दिवशी भाकरी थापता थापता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, जाऊ द्या तिले उद्या एकटी. पण एक डाव जरी हरवली ना, तर तो फोनही बंद अन् गटही बंद. मंग मले कोणी समजावाचं नाही." दीपा तिथंच बसली होती. तिला सगळं समजलं होतं. तिने ताटातली भाकरी अर्धीच खाल्ली.

सकाळी पंचफुला वेचायला गेली. वाटेवरच्याच, हापशीपुढच्या शेतात काम होतं, तरी ती वळून वळून बघत गेली. मग दीपा निघाली. वेणी घट्ट, डबा पिशवीत, फोन छातीशी धरलेला. "निळा झेंडा दिसला का?" असा माझा आवाज गल्लीतून लांब लांब गेला आणि ऐकू येईनासा झाला. मी सुपात तूर घेऊन बसले. पाखडत होते की नुसतीच हलवत होते, मला माहीत नाही.

फोन वाजला.

"आत्या, गंजी नाही."

माझ्या हातातून सूप सुटलं. "नाही म्हणजे? तू कुठी हाय?"

"वळणावर."

"वळणावर असती तर गंजी दिसली असती ना, पोरी! तू भलतीकडंच गेली. नाल्याकडं गेली काय? परत फिर. जशी गेली तशी परत ये!"

"नाही," दीपा म्हणाली. रडत नव्हती. "फोन थरथरला. वळण हेच हाय. गंजी नाही."

"माह्यं ऐक, परत ये!"

"तूच सांगतलं. दिसली नाही तर थांबाचं."

आणि तिने फोन ठेवला. माझंच बोलणं माझ्या तोंडावर मारून ठेवला. मी चप्पल घातली की नाही हेही आठवत नाही. गुडघ्यांना शिव्या देत मी निघाले, झेंडा मागे टाकला, हापशी मागे टाकली. वाटेत शेताच्या बांधावरून पंचफुलाने मला पळताना पाहिलं. मी पळते म्हणजे काय झालं हे तिला विचारायची गरजच नव्हती. कमरेचा ओटा तसाच, त्यातून कापूस सांडतोय, आणि ती माझ्या पुढे धावत सुटली. मला वाटलं, संपलं. आता ही पोर पुन्हा उंबऱ्यावर बसणार, आणि या वेळी माझ्याच आवाजाने बसणार.

दीपा वळणावर उभी होती. बरोबर त्याच वळणावर, जिथून वळायचं तिथंच. ऊन डोक्यावर येत होतं, तिने ओढणी डोक्याला गुंडाळली होती आणि डबा दोन पायांमध्ये ठेवला होता. फोन तिच्या हातात मोठ्याने ओरडत होता, "दीपा, पऱ्हाटीच्या गंजीपाशी वळ."

आणि गंजी खरंच नव्हती. तिच्या जागी जमिनीवर मोठा काळा डाग, कडेला थोडा धूर अजून निघत होता.

पंचफुलाने काही बघितलं नाही. तिने आधी पोरीला पोटाशी धरलं, मग दोन्ही खांदे धरून हलवलं. "हरवली ना? हरवली ना शेवटी! सांगत होती मी!" आणि तिने आपला पदर ओढला, दीपाच्या ओढणीचं टोक धरलं आणि गाठ मारली. गाठ पक्की बसली. "चाल घरी."

दीपा हलली नाही.

"मी नाही हरवली, माय," ती म्हणाली. "गंजी हरवली."

तेवढ्यात आमचा आरडाओरडा ऐकून मारोतराव शेतातून आले. काय झालं ते कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अवं बाई, मीच जाळली ना काल रातच्याले. कृषीवाले साहेब येऊन सांगून गेले, जुन्या गंज्या ठेवू नका, अळीचे कोष त्यातच राह्यतात म्हणे. आमच्या बापाच्या वख्तापासून गंजी होती इथं. मलेही सकाळी करमून नाही राह्यलं."

दीपाने त्यांच्याकडे पाहिलं, मग राखेकडे. "हे गंजीची राख होय?"

"होय, माय."

"नक्की?"

"आता मी कायले खोटं बोलू?"

पंचफुला दमली होती. म्हणाली, "मंग दाबाचं होतं ना ते हिरवं बटण, अन् जाचं होतं पुढं. वाट तर तुले मालूम होती."

"दिसली नाही तर कशी दाबू?" दीपा म्हणाली. "ते खोटं होते."

हीच दीपा बाजारात हरवली तेव्हा दिसेल तिकडे पळत सुटली होती. आज वाट समोरून पुसली गेली, आत्या फोनवर चुकीचं ओरडली, तरी ती जागची हलली नाही. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"पंचफुले," मी म्हणाले, "हरवलेलं माणूस असं असते का? आपण दोघी कशा आलो ते पाय. अन् हे पोरगी कशी उभी हाय ते पाय."

दीपाने राखेसमोर फोन धरला, जणू त्यालाही दाखवावं, आणि हिरवं बटण दाबलं. पुलियाचा फोटो आला. माझा आवाज म्हणाला, "शाब्बास. आता सरळ जा."

दीपाने डबा उचलला. एक पाऊल टाकलं तशी ओढणी ताणली गेली. तिने मागे वळून गाठीकडे पाहिलं आणि आईकडे पाहिलं. "माय, उशीर होऊन राह्यला. बाया वाट पाहून राह्यल्या असंन."

पंचफुला गाठ सोडायला लागली. पक्की बसलेली गाठ, नखांनी सुटेना. तिने ती दातांनी सोडली. मग ओढणी नीट करून पोरीच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "जा."

दीपा पुलियापर्यंत लहान लहान होत गेली. तिथं थांबली, बटण दाबलं आणि पलीकडे उतरली. आम्ही दोघी राखेपाशी बसून राहिलो. पंचफुला सांडलेला कापूस ओट्यात भरत होती, त्यातली माती फुंकून काढत होती.

पुढच्या आठवड्यात अर्पिता मॅडम आल्या, त्यांना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी दोन्ही कान धरले. म्हणाल्या, आता विजेच्या खांबाचा फोटो लावू, तो कोणी जाळणार नाही. मी घसा साफ करून पुढे सरकले, तर दीपाने फोन माझ्या हातून काढून घेतला.

"इथलं मी बोलतो," ती म्हणाली.

ती बराच वेळ विचार करत बसली. आमच्या गावात वाट सांगायची एक रीत आहे. कापसाची जिनिंग मिल पाडून किती वर्षं झाली तरी लोक जिनिंगपाशीच वळतात, आणि वाळून गेलेल्या चिंचेखाली अजून एसटी थांबते. दीपा उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकत आली असणार. तिने फोन तोंडाशी धरला आणि हळू, एकेक शब्द मोजून बोलली.

दुसऱ्या दिवशी ती निघायच्या आधी पंचफुलाने फोन मागून घेतला आणि ते ऐकलं. "इथं गंजी होती. आता नाही. घाबरू नको. वळ."

पंचफुलाने ते पुन्हा एकदा लावलं. मग फोन दीपाच्या हातात दिला, कमरेला ओटा बांधला आणि वेचायला निघाली. त्या दिवशी ती वळून बघत गेली नाही.