चौतीस टक्क्यांवर अडलेला चमत्कार

लॅबच्या हॉलमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं भूक विसरून आतल्या खोलीच्या बंद दाराकडे डोळे लावून बसली होती. दारामागे दोघंच होते, रिपोर्टांचा कॉम्प्युटर आणि स्पर्शगुरू. कॉम्प्युटर पंधरा दिवस हटून बसला होता. अपडेट सुरू व्हायचं, चौतीस टक्क्यांपर्यंत जायचं आणि तिथेच बैठक मारायचं. मग 'केलेले बदल मागे घेत आहोत' म्हणून गडी पुन्हा होता तिथे.

तासाभराने दार उघडलं. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले, घामाघूम झालेले स्पर्शगुरू बाहेर आले.

"झालं!" ते म्हणाले. "शंभर टक्के!"

डॉक्टर धावत आत गेले आणि आतूनच ओरडले, "झालं हो, खरंच झालं!" हॉलने टाळ्या वाजवल्या. एका बाईने तर आपला बंद पडलेला मोबाईलच गुरूंच्या हातात कोंबला.

"यंत्र म्हणजे काय?" गुरूंनी सुरुवात केली. "विजेचं शरीर! माणसाला जसा ताप चढतो, तसा यंत्राला माणसाचा ताप चढतो. तो मी या हातांनी ओढून घेतो." हेच भाषण ते पिठाच्या गिरणीत आणि फ्रीजच्या दुकानातही करत, फक्त यंत्राचं नाव बदलून. "डॉक्टरसाहेब, या यंत्राला रोज कुणाचा हात लागतो?"

डॉक्टरांनी बोट दाखवलं. कोपऱ्यात रिपोर्टबाई उभ्या होत्या. अकरा वर्षं या लॅबचा प्रत्येक रिपोर्ट त्यांनीच टाइप केला होता, आणि एका दशांश चिन्हाचीही चूक कुणी दाखवली नव्हती.

गुरूंनी त्यांचा हात दोन बोटांत धरला आणि चटका बसल्यासारखा सोडून दिला. "गरम हात! बाईंचा दोष नाही, पण हा हात यंत्राला सोसत नाही. याने यंत्राची आठवणसुद्धा जळते, साहेब."

भरल्या हॉलमध्ये सगळ्यांनी रिपोर्टबाईंच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी तो पदराखाली घेतला आणि घेतल्याबरोबर त्यांना स्वतःचाच राग आला.

आठच दिवसांत आठवण जळल्याचं उघड झालं. पोस्टमनआजोबा आले. गावभर पत्रं वाटून निवृत्त झालेला सरळ माणूस. गेल्या वर्षी मानेतल्या गाठीत सुई घालून त्यांची तपासणी झाली होती. गाठ आता वाढली होती आणि मोठ्या दवाखान्याला जुना रिपोर्ट ताडून बघायला हवा होता. त्यांच्याजवळचा कागद घर बदलताना गेला होता. रिपोर्टबाईंनी कॉम्प्युटर उघडला, तर गेलं अख्खं वर्षच गायब.

"गुरूंनी सांगितलंच होतं!" डॉक्टर हॉलमध्ये सगळ्यांदेखत कडाडले. "आठवण जळली! बाई, उद्यापासून कीबोर्डला हात लावायचा नाही. बाटल्या धुवा."

"साहेब, मी काही पुसलेलं नाही."

"मुद्दाम पुसलंत असं कुठे म्हणतोय? हातच तसा, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

हा दिलासा शिवीपेक्षा जास्त झोंबला. शिवीला निदान उत्तर देता येतं.

घरी तरी सुख असावं, तर तेही नाही. नणंदेने टीव्हीचा रिमोट उशीखाली लपवला. "वहिनी, रागावू नकोस हं, पण मालिका संपेपर्यंत तू लांबच बस. नवा टीव्ही आहे."

रिपोर्टबाई रागावल्या नाहीत. त्या पेटल्या. रोज दोनशे बाटल्या घासायच्या आणि प्रत्येक बाटलीच्या जागी गुरूंचं मुंडकं आहे असं समजायचं, त्यामुळे बाटल्या लख्ख निघत. 'थांब बाबा,' त्या मनात म्हणत, 'तुझा पण ताप काढते.'

घासता घासता डोकं चालू होतं. डॉक्टरांचा एक हुकूम होता: प्रत्येक रिपोर्टच्या पानाचा फोटो काढायचा आणि चार ठिकाणी साठवायचा. "चार प्रती म्हणजे चौपट सुरक्षित!" आता, चारही ठिकाणं त्याच एका कॉम्प्युटरच्या एकाच डिस्कमध्ये होती. एकाच कपाटात एका साडीच्या चार घड्या ठेवून चोराला घाबरायचं नाही, असा तो प्रकार. बाईंनी वेगळी डिस्क मागितली की डॉक्टर म्हणत, "पुढच्या महिन्यात बघू." डिस्क गळ्यापर्यंत भरली होती. मग गुरू तासभर आत बसले, आणि अपडेट झालं. आता ती किती भरलेली आहे?

त्यांनी काउंटरवरच्या मुलीला गाठलं. "एक बघून सांग. डिस्कची लाल पट्टी असायची, ती अजून लाल आहे का?"

मुलगी बघून आली. "नाही, बाई. अर्धी रिकामीय."

बाईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. अर्धी रिकामी! म्हणजे हाताचा स्पर्श वगैरे काही नाही. मेल्याने दार लावून सामान बाहेर फेकलं होतं. जुनं वर्ष, चारही प्रतींसकट. वर पाप त्यांच्या माथी.

पण हे सांगून पटणार कुणाला? गरम हाताच्या बाईचं कोण ऐकतंय? लोकांना डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

आणि संधी आयती चालून आली. काउंटरचा कॉम्प्युटरही अडला. तिथे रिपोर्ट नसत, पण पावत्यांच्याही चार प्रती ठेवायची डॉक्टरांची आवड होतीच. डॉक्टरांनी लगेच गुरूंना सांगावा धाडला. बाईंनी आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्वतःची नवी डिस्क आणली आणि काउंटरवरच्या मुलीला शेजारी बसवून तिच्याच हातांनी त्या कॉम्प्युटरमधलं सगळं त्यावर उतरवून घेतलं. मग दोघींनी मिळून आणखी एक छोटं काम केलं. हॉलमध्ये भिंतीवर मोठा टीव्ही होता, त्यावर पेशंटचे टोकन नंबर दिसत. तो याच कॉम्प्युटरला जोडलेला होता. त्यांनी एक बटण असं फिरवलं की कॉम्प्युटरवर जे दिसेल, तेच टीव्हीवर दिसावं.

गुरू आले. हॉल भरलेलाच होता. पोस्टमनआजोबाही होते, पुन्हा सुई टोचून घ्यायला.

"काचांना पडदे ओढा! मोबाईल बंद! तासभर कुणी दार उघडलं तर लहरी फाटतील!" गुरूंनी बजावलं. "आणि त्या बाई कुठायत? त्यांना लांब ठेवा."

"ही काय, लांबच आहे," रिपोर्टबाई टीव्हीखाली उभ्या राहून म्हणाल्या.

काउंटरच्या केबिनचं दार लागलं. डॉक्टरांनी डोळे मिटून हात जोडले. दोन मिनिटं काही झालं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "अहो, टीव्हीवर बाण फिरतोय!"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. अपडेट चौतीस टक्क्यांवर अडलं. एक निरोप आला. बाणाने तो बंद केला. मग बाण हळूच गेल्या वर्षाच्या फोल्डरवर गेला, जरा घुटमळला, आणि एक प्रश्न उमटला: 'या सर्व फाइली कायमच्या काढून टाकायच्या?'

"साहेब, डोळे उघडा," बाई म्हणाल्या. "स्पर्श बघा."

डॉक्टरांनी डोळे उघडले, आणि त्यांच्यादेखत बाणाने 'होय' दाबलं. फाइली पटापट उडू लागल्या. पोस्टमनआजोबा काठी टेकत उठले.

"म्हणजे माझा रिपोर्ट असा गेला होय?"

मग दबक्या आवाजात एकच गलका झाला, पण बाईंनी कुणाला केबिनकडे जाऊ दिलं नाही; इथल्या फाइलींची प्रत त्यांच्याकडे होती. गुरू पन्नास मिनिटांनी घामाघूम होऊन, बाह्या दुमडून बाहेर आले, "झालं! शंभर..." म्हणाले, आणि समोर तीस माणसं बाहेरच्या दाराला पाठ लावून, वाट अडवून उभी दिसली. कुणीतरी टीव्हीकडे बोट दाखवलं. गुरूंनी वर पाहिलं.

"हे... या लहरींचं प्रतिबिंब..."

"असेल, असेल!" रिपोर्टबाई पुढे झाल्या. "मग आता हात ठेवा आणि उडवलेलं परत आणा. तुम्ही ताप ओढून घेता ना? या आजोबांचा रिपोर्टही ओढून आणा. आम्ही थांबतो. दार उघडंच राहू दे."

गुरूंनी हात ठेवला नाही. ठेवणार कशाचा? पोलीस येईपर्यंत ते टोकनच्या रांगेत बसले, आणि प्रत्येक पेशंट त्यांच्यापुढे उभा राहून एकच विचारत होता, "माझा कुठंय?" रिपोर्टबाईंना फार बरं वाटलं. खोटं कशाला बोला, इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, केबिनमध्ये या. मला जरा माफी..."

"केबिनमध्ये नको. हात गरम असल्याचं हॉलमध्ये सांगितलंत. माफीही इथेच, टोकन पुकारायच्या माइकवरून. आणि त्याआधी टीव्हीवर मघाशी आलेला तो निरोप वाचा. या मुलीने त्याचा फोटो काढून ठेवलाय."

डॉक्टरांनी फोन डोळ्यांजवळ धरला. माइकवर त्यांनी वाचलं, "डिस्कवर पुरेशी जागा नाही. नको असलेल्या फाइली दुसरीकडे हलवा आणि पुन्हा प्रयत्न करा."

"अपडेटला तुम्ही स्वतः बसत होतात. पहिल्या दिवसापासून हीच ओळ येत होती. तुम्ही किती वेळा वाचलीत?"

"एकदाही नाही. बंद करायचो." मग त्यांनी माफी मागितली, पूर्ण, नीट, बाईंकडे बघून.

पोस्टमनआजोबा मान हलवत म्हणाले, "पस्तीस वर्षं पत्रं वाटली. पण पत्र न उघडता पाकिटालाच हात जोडणारी माणसं आजच पाहिली."

बाईंनी माइक घेतला. "ऐका सगळे. यंत्राला ताप येत नाही. ते अडलं की काय अडलंय ते स्वतःच सांगतं, ते आधी वाचा. नाही समजलं तर समजणाऱ्याला विचारा, विचारण्यात लाज नाही. आणि जो 'दार बंद करा, बघू नका' म्हणतो, त्याच्याकडेच सगळ्यात आधी बघा."

काउंटरच्या फाइली दहा मिनिटांत बाईंच्या डिस्कवरून परत आल्या. आतल्या कॉम्प्युटरचं गेलेलं वर्ष मात्र कुणाच्याच डिस्कवर नव्हतं. आजोबांचा नंबर आला. ते खुर्चीवर बसले, मान तिरकी केली, आणि सुई बघून त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"पोरी, इकडे ये," ते म्हणाले. "तो तुझा गरम हात दे बघू. माझे गार पडलेत."

रिपोर्टबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला, आणि सुई निघेपर्यंत सोडला नाही.