लाल पट्टा

सकाळपासून सभेत रंगावरून वाद चालला होता. मधे नदी, नदीवर पूल आणि दोन काठांवर दोन देश. दोघांनी मिळून रेबीजचा नायनाट करायचा, असा करार होऊन बराच काळ लोटला होता. अजूनही घोडं पेंड खात होतं ते कुत्र्याच्या मानेवरच्या पट्ट्यापाशी.

अलीकडे लस टोचलेल्या कुत्र्याच्या मानेवर लाल रंगाचा पट्टा ओढत. पलीकडेही लालच पट्टा ओढत, पण माणसाला चावलेल्या कुत्र्यावर. लोकांनी त्याच्यापासून लांब राहावं आणि ते जगतं की मरतं यावर दवाखान्याला नजर ठेवता यावी, हा हेतू. कुत्र्यांना काही पासपोर्ट लागत नाही. ती शेपटी हलवत पुलावरून येत-जात असत, आणि पलीकडचं चावरं कुत्रं अलीकडे आलं की लोक त्याला लस टोचलेलं समजून खुशाल गोंजारत.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या अलीकडच्या डॉक्टरीणबाईंनी हे पहिल्याच सभेत सांगितलं होतं. गावात त्यांना कुत्र्यांची डॉक्टरीण म्हणत आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. गल्लोगल्ली फिरून हजारो कुत्री त्यांनी स्वतःच्या हाताने टोचली होती. दोन्ही बाजूंनी दोन वेगळे रंग घ्यावेत, एवढंच त्यांचं मागणं. पण अलीकडच्यांनी रंगाचे डबे घेऊन ठेवलेले, पलीकडच्यांची भित्तिपत्रकं छापून झालेली. निळा सुचवला तर तो अलीकडच्यांच्या झेंड्यात, हिरवा सुचवला तर पलीकडच्यांच्या. पिवळा कुणाच्याच झेंड्यात नव्हता, म्हणून तो सुचवायचा मान कोणी घ्यायचा यावर तासभर गुऱ्हाळ चाललं. निदान गावाला सावध तरी करू का, असं बाईंनी मागे विचारलं होतं. शेजाऱ्यांची बदनामी होईल म्हणून समितीच्या अध्यक्षांनी मनाई केली, आणि मनाई लेखी नको म्हणून ती चहा पिता पिता केली.

चहाच्या सुट्टीत बाईंचा फोन वाजला. धाकट्या जाऊबाई होत्या.

"ताई, कामात आहात का? काही विशेष नाही. यांना परवा पुलापाशी कुत्रं चावलं. पोटरीला. म्हटलं तुम्हाला विचारावं, जखमेला काय लावायचं?"

"इंजेक्शन घेतलं ना भाऊजींनी?"

"नाही हो. मी मागे लागले होते. तर म्हणाले, मानेवर लाल पट्टा होता, म्हणजे वहिनीचंच कुत्रं. वहिनीच्या कुत्र्याला काय घाबरायचं? आणि आज गेले ट्रक घेऊन पलीकडे, गोदामात माल उतरवायला."

लाल पट्टा म्हणजे लस टोचलेलं कुत्रं, हे गावाला बाईंनीच शिकवलं होतं. कुठलंही कुत्रं चावलं तरी दवाखान्यात या, हेही त्या दरवेळी सांगत. लोकांच्या लक्षात फक्त लाल पट्टा राहिला, आणि घरच्या माणसाच्या तर आधी राहिला.

पलीकडचे पशुवैद्य खिडकीशी उभे होते. शांत, मान खाली घालून बोलणारे गृहस्थ. बाईंनी त्यांना गाठलं.

"पुलापाशी तुमचं लाल पट्ट्याचं कुत्रं आहे एखादं?"

ते कपाकडे बघत राहिले. "होतं. काल मेलं. तपासलं आम्ही. रेबीजच होता."

"काल? अहो, सकाळपासून आपण समोरासमोर बसलोय."

"मी राजधानीला कळवलंय. ते तुमच्या राजधानीला कळवतील, मग तुम्हाला कळेल. परस्पर सांगायची आम्हाला परवानगी नाही." मग हळूच म्हणाले, "सांगायला हवं होतं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायला वेळ नव्हता. त्याच कुत्र्याने चावलेले आपले भाऊजी पलीकडच्या गोदामात माल उतरवताहेत, एवढं त्यांनी पशुवैद्यांना सांगितलं. माल उतरून कागद होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, ट्रकवाल्याला पूल ओलांडू देत नसत. तिथल्या दवाखान्यात परदेशी माणसाला रेबीजची लस दोन्ही देशांच्या समितीच्या चिठ्ठीशिवाय मिळत नसे. आणि समिती तर शेजारच्याच खोलीत बिस्किटं खात होती. बाई थेट अध्यक्षांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईटही वाटलं, तसं ते म्हणाले. "पण बाई, हा विषय आजच्या सभेपुढे नाही. शिवाय चिठ्ठीवर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. आज सही केली तर उद्या पायंडा पडेल."

"पायंडाच पडू दे. माणूस जायला नको."

"पुढच्या सभेत अवश्य घेऊ."

बाई बाहेर आल्या तेव्हा पशुवैद्य फोनवर बोलत होते. "गोदामात ट्रकवाला आहे, त्याला आत्ता घेऊन या. जखम साबणाने नीट धुवा, जखमेभोवतीचं इंजेक्शनही द्या. नाव? माझं घाला. हो, मलाच कुत्रं चावलं." फोन ठेवून ते बाईंना म्हणाले, "पुढचे डोस तुमच्याकडे द्या. आणि हे कुठे बोलू नका. माझी नोकरी जाईल."

बाईंनी मान डोलावली.

सभा पुन्हा भरली. पिवळ्या रंगाचा प्रश्न तज्ज्ञांच्या उपसमितीकडे गेला, आणि तज्ज्ञ कोण ते ठरवायला आणखी एक समिती नेमायचं ठरलं. तेवढ्यात बाईंच्या मांडीवरचा फोन थरथरला. भाऊजींचा निरोप होता: वहिनी, टोचलं. उगाच घाबरवलंस सगळ्यांना.

त्यांचा जीव भांड्यात पडला. समोर अध्यक्ष समारोपाला उभे राहिले.

"सांगायला आनंद वाटतो," ते म्हणाले, "की करार झाल्यापासून पलीकडच्या कुत्र्याने अलीकडच्या माणसाला चावल्याची एकही नोंद नाही. आपला करार यशस्वी झालाय. रंगाची मग तशी घाई नाही."

बाई ताडकन उठल्या. भाऊजींचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. ते उच्चारलं असतं तर रंग आजच्या आज बदलला असता, आणि उद्या पुलावर कुणाचंतरी पोर लाल पट्टा बघून कुत्र्याला हात लावायला गेलं नसतं. पण मग भाऊजींना लस कुणाच्या नावावर मिळाली, हेही निघालं असतं. टेबलाच्या पलीकडे पशुवैद्य त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सगळी सभा टाळ्या वाजवायला लागली. पशुवैद्यही वाजवत होते. बाई खाली बसल्या आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.