लाल फुली

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. पत्र्याची, हातभर लांब. वस्तीच्या टोकाला बोअरवेलचा एक नळ आहे, त्याच्या वर मला खिळे ठोकून बसवलं आहे. या पाण्यात विष आहे. कपडे धुवा, फरशी पुसा, काही होत नाही. पण पोटात गेलं की ते हळूहळू माणसाला आतून पोखरतं. दिसायला मात्र नितळ, आणि चवीलाही गोड म्हणतात.

मला घडवलं एका चित्रकार ताईने. जाहिरातींची चांगली नोकरी सोडून ती असली कामं करायची. "अक्षर एकही नको," ती म्हणाली. "वाचता येतं त्याला दहाजण सांगतील. मला वाचता न येणाऱ्याला अडवायचंय." म्हणून माझ्यावर काळ्या रंगात नळ आला, त्याखाली पेला धरलेला एक इवलासा हात आला, आणि त्या सगळ्यावर लालभडक फुली.

म्हातारा रंगारी ब्रश पुसत म्हणाला, "ताई, काळा हलायचा नाही. पण हा लाल उन्हात उडतो. दरवर्षी हात फिरवावा लागेल."

"फिरवीन की! मी कुठे पळून चाललेय?"

चार वर्षं ती नेमाने डबा घेऊन आली. माझं फार कौतुक झालं. लोक फोटो काढून गेले, ताईला मानपत्र मिळालं. मीही जरा फुगले होते, खोटं कशाला सांगू? मग रंगारी गेला. पुढच्या वर्षी ताईही आली नाही. ती आजारी आहे, असं धुणं धुणाऱ्या बायका बोलल्या. नंतर त्यांनी तिचा विषयच काढला नाही. जुनी बिऱ्हाडंही एकेक करून दुसरीकडे गेली आणि नळ ओस पडला.

लाल आधी गुलाबी झाला, मग मळकट, मग दिसेनासा. काळा जसाच्या तसा राहिला. खालच्या डबक्यात मला माझं रूप दिसतं: नळ, पेला, हात. अडवायला उभी केलेली मी आता येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावते आहे. मला माझीच भीती वाटते.

गेल्या आठवड्यात एक नवं बिऱ्हाड आलं. आई आणि तिची पाचेक वर्षांची मुलगी. काल आई धुणं आपटत होती आणि पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आई, हे पाणी प्यायचं आहे ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"ही पाटी सांगते. बघ ना, पेला काढलाय!"

आईने मान वर करून मला न्याहाळलं. "खरंच की गं! बरं झालं, लांबची खेप तरी वाचली. उद्या येताना पेला घे."

मित्रांनो, पाटी लावली म्हणजे काम संपत नाही. तिच्याकडे अधूनमधून बघायला कुणीतरी यावं लागतं.

आत्ता ती पोरगी पेला घेऊन उभी आहे, अगदी माझ्यावरच्या चित्रासारखी. आई नळ सोडते आहे. रंग मागाहून आणा. आधी कुणीतरी तिचा हात धरा.