उरलेली माती

“बाबा, खड्ड्यात पेटी ठेवली की तेवढी माती उरते ना? मग ती उरलेली माती जाते कुठे?”

प्रश्न तोफेचा नव्हता, पण डागला तोफेनंच. गेल्या वर्षापर्यंत वर्गात नाव विचारलं तरी हिला घाम फुटायचा. मग वक्तृत्वाचा कप मिळाला, तोंड उघडलं ते मिटेचना, आणि मैत्रिणींनी बारसं केलं: तोफ! आत्ता त्या तिघी जुन्या दफनभूमीच्या फाटकाला लटकून खिदळत होत्या. हिंमत असेल तर विचार, तेही पाहुण्यांसमोर, असं त्यांनीच डिवचलं होतं. हिंमत नसायला ती काय आता गेल्या वर्षीची होती?

तिचे बाबा इथे कबरी खोदायचे, आजोबांनीही जन्मभर तेच केलं. फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत घर, आणि दारातून समोर दिसायचा तो अक्रोड. कुठल्याही कबरीपेक्षा जुना, चौघांच्या कवेत न मावणारा, खोडावर मानाचा पितळी बिल्ला मिरवणारा. यंदा मात्र ऐन हिरवं असायच्या दिवसांत त्याची पानं पिवळी पडून गळत होती. म्हणून आज झाडांचे डॉक्टर आले होते. सकाळपासून पानं उलटीपालटी करत होते, लाकडी हातोडीनं खोड ठोकत होते. कीड दिसत नव्हती, आणि कारण सापडलं नाही तर झाड तोडायचं हे ठरलेलंच होतं. खालून माणसं जातात, फांदी काय विचारून पडते? बाबा त्यांच्या मागे मागे, दवाखान्याबाहेरच्या नातेवाइकासारखे. “बरं होईल ना, साहेब?”

लेकीच्या प्रश्नावर मात्र त्यांची मान जरा ताठ झाली.

“बाहेर नाही टाकायची ती. कुणाच्या तरी नावाची माती असते. माझे वडील सांगून गेलेत, अक्रोडाच्या पायाशी घालायची, नीट चोपून. यंदा तर मी जास्तच घातली. म्हटलं, जरा जोर धरेल.”

डॉक्टरांचा हातोडीचा हात तसाच वर राहिला. मग ते गुडघ्यांवर बसले, खुरपं मागून घेतलं आणि बुंध्याला लागून उकरायला लागले. कोपरापर्यंत हात गेला, खांद्यापर्यंत गेला, तरी खोड फाकून मुळं सुटतात ती जागा लागेना. हाताला आली ती साल. भिजलेल्या पावासारखी.

“अहो, बुंध्याला हवा लागते,” ते हळू आवाजात म्हणाले. “माती चढत गेली की आत कुजतं. हे झाड तुम्ही...”

पुढचं त्यांनी गिळलं. बाबांनी पुरं केलं.

“गाडलं. जिवंत गाडलं मी.”

फाटकाला लटकलेल्या तिघी खाली उतरल्या.

जाताना डॉक्टर म्हणाले, सगळी माती हातानं काढली, जुनी जमीन लागेपर्यंत, तर कदाचित. यंत्र लावलं तर मुळं तुटतील. खात्री नाहीच. पण काढत असाल तर पुढची पालवी येईपर्यंत तोडायचं थांबवतो.

बाबांनी मात्र फावडं दाराआड फेकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

“दोन घास तरी खा,” आईनं तिसऱ्यांदा ताट गरम करून आणलं. “तुम्ही काय वैरी होतात त्याचे?”

“वैऱ्यानं एकदाच कुऱ्हाड घातली असती.”

“मग काढा ना ती माती!”

“लोकांची आहे ती. काढून टाकू कुठे, उकिरड्यावर? आणि या हातांनी आता त्याला शिवायचंसुद्धा नाही मला.”

तोफेचा दारूगोळा पार भिजला होता. कुठून विचारलं! विचारलं नसतं तर झाड गेलं असतं, पण बाबा तरी उरले असते. ती तडक बाहेर पडली आणि दोन्ही हातांनी ढिगाला भिडली. दोन पिढ्यांनी चोपलेली माती. नखं भरली, बोटं सोलली, ढीग आहे तिथेच. रडू आलं तेही भोकाड पसरून. वर पाहिलं तर आणखी एक पान गिरक्या घेत खाली येत होतं.

उठून पळत सुटली आणि दाणकन पडली. पाय एका जुन्या कबरीच्या खळग्यात गेला होता. खालची पेटी कुजते, वरची माती खचते. अशा खळग्यांवरून ती लहानपणापासून उड्या मारत आली होती. तशीच बसून तिनं आजूबाजूला पाहिलं. रांगच्या रांग खचलेली.

ती लंगडत घरात शिरली. हात मातीचे, नाक लाल.

“ऐका दोघंही. उद्यापासून शाळेआधी आणि शाळेनंतर मी तो ढीग उकरणार. त्या तिघींनाही जुंपणार, विचार म्हणाल्या ना, आता उपसा म्हणावं! आणि माती उकिरड्यावर जाणार नाही, बाबा. ज्यांची आहे त्यांना परत. सगळे खळगे भरायचे. झाड जगेल असं मी म्हणत नाही. पण मेलं तर उघड्यावर मरू दे त्याला, गाडलेलं नाही. तुम्ही फावड्याला हात लावू नका हवं तर. नुसतं येऊन बसा, आणि कुठली कबर आधी, तेवढं सांगा.”