उस्ता बसलेली असताना

लग्नाच्या हॉलमध्ये पुढच्या सोफ्यावर इनायातला बसवलं होतं आणि तिचं बूड टेकत नव्हतं. सकाळीच पोरीनं, रबाबनं, बजावलं होतं, "आई, आज तू शिवणवाली. कुणी विचारलं तर कपडे शिवते म्हण. त्यापलीकडे तोंड उघडू नकोस."

निकाह दुपारीच मशिदीत झाला होता. पण सही झाली म्हणजे सून घरात आली असं नव्हे. हज करून आलेली वरमाय हज्जा फौकिया मनात आलं तर आत्ता मुलाला घेऊन चालती झाली असती, आणि रबाब परत कैरोतल्या नाचणाऱ्यांच्या मोहम्मद अली रस्त्यावरच्या त्या दोन खोल्यांत.

आणि याच फौकियानं, जिला त्या रस्त्यावरची सून चाललीच नसती, नाचणारी बोलावली होती. नाईलवरच्या बोटीतली, रशियन.

"कलाकार आहे हो," ती इनायातच्या कानाशी लागली, "त्या रस्त्यावरच्या बायांसारखी नव्हे. पण शकुन करायलाच हवा. नवरा-नवरीनं तिच्या पोटावर हात ठेवून फोटो काढला की वर्षात पाळणा हलतो. माझ्या लग्नात ठेवला, आणि हा हानी झाला."

"कुणाच्या पोटावर ठेवला होतात?"

"होती कुणीतरी. नाव कोण विचारतंय."

इनायातला नाव ठाऊक होतं. फौकियाच्या शुब्रा भागातल्या त्या काळच्या सगळ्या लग्नांत तिची मावशीच नाचली होती.

तिच्या डोक्यात जाळ झाला. आजी मोकळा झगा घालून, कमरेला ओढणी बांधून बायकांत नाचायची; बारशाला, सुंतेला, नवरीला मेंदी लावताना. मग क्लबवाल्यांनी गोऱ्या साहेबांच्या डोळ्यांसाठी झगा मधोमध कापला, वर मणी टाचले, आणि तीच उघडी कंबर हजारो वर्षांची परंपरा म्हणून खपवली. मग सरकारला लाज वाटली, पोटावर जाळी घाला म्हणाले. कापणारे पुरुष, झाकणारे पुरुष, आणि छिनाल कोण, तर नाचणारी.

ढोल वाजले आणि ती रशियन नाचणारी आत आली. लारिसा. इनायातनं तिला लगेच ओळखलं. कैरोत नाच शिकायला आलेली कुठली परदेशी पोर इनायातच्या खोलीत येऊन गेली नव्हती? ही तर दोन हिवाळे तिच्याकडचा मसूर-भात खाऊन राहिलेली. इनायातनं डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, सरबताचा पेला तोंडाशी धरला. लारिसानं पाठ केली की तिला हायसं वाटायचं. वळली की पेला पुन्हा वर. हात धुवायच्या निमित्तानं ती उठलीही, पण फौकियानं मनगट धरून बसवलं.

"बसा हो. आता फोटो."

रबाब आणि हानी पुढे आले. लारिसानं सोफ्याकडे पाहिलं आणि ती थांबलीच.

"माझ्या पोटावर नको," ती मोडक्या अरबीत म्हणाली, पण ठसका अस्सल गल्लीचा. "उस्ता बसल्यात." सरळ येऊन तिनं इनायातचा हात चुंबला. "उस्ता बसलेली असताना शकुनाचं पोट तिचंच. तुम्हीच कान धरून शिकवलंत ना?"

उस्ता म्हणजे नाचणाऱ्यांच्या ताफ्याची म्होरकी, हे कैरोत शेंबड्या पोरालाही कळतं. सोफ्यावरच्या बायका वळून इनायातकडे बघू लागल्या.

"कोण उस्ता?" फौकिया म्हणाली. "या कपडे शिवतात."

रबाबचा चेहरा पांढराफटक. नाही म्हण, नाही म्हण, असं डोळ्यांनी चाललेलं. या पोरीचा गैरसमज झालाय, एवढंच बोलायचं होतं. इनायातच्या जिभेवर आलंही होतं. लारिसा मात्र खुळ्यासारखी हसत उभी होती, आपण केवढा मान दिला म्हणून.

"या पोरीचं..." इनायात म्हणाली, अडखळली. "या पोरीचं बरोबर आहे. मी उस्ता. माझी आई उस्ता, मावशीसुद्धा. हज्जा, तुमच्या लग्नात तुमचा हात होता तो माझ्या मावशीच्या पोटावर. पोरगा मागायला ते पोट चाललं. त्या घरची पोर चालत नसेल तर आत्ताच सांगा."

फौकियानं पर्स उचलली. "हानी, चल."

हानी हलला नाही. पुढेही आला नाही. इनायात उभी राहिली. रबाब तिच्याकडे आली. ही रडणार की शिव्या देणार, कळेना.

"एक दिवस, आई. एक दिवस गप्प बसायचं होतं," ती दातओठ खात म्हणाली आणि आईच्या पोटावर तळवा ठेवला, जवळजवळ मारल्यासारखा. तो तिनं काढला नाही. मग नवऱ्याला म्हणाली, "येतोस की जातोस?"

हानीनं कॉलर सैल केली, आईकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. हात गार होता, घामेजलेला, जेमतेम टेकलेला.

"नीट ठेव," इनायात म्हणाली. "चटका नाही बसत."

फोटोवाल्यानं बटण दाबलं. फौकिया दारात उभी होती. जातही नव्हती, परतही येत नव्हती.