तिसऱ्या ओळीपासून

बागेच्या छाटणीत त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. लोक त्याला गमतीने डॉक्टर म्हणत. तोही हसून म्हणे, "फरक एवढाच, की माझे पेशंट पळून जात नाहीत."

त्या हिवाळ्यात भाऊजी अंथरुणाला खिळले आणि ताईच्या बागेतली सफरचंदाची चाळीस झाडं छाटायची राहिली. डॉक्टर करवत घेऊन आला. प्रत्येक झाडानंतर करवत स्पिरिटने पुसायची, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. दुसऱ्या ओळीच्या टोकाला बाटली संपली. दुकान लांब, आभाळ भरून आलेलं. एका दिवसाने काय बिघडतंय, असं म्हणत त्याने काम चालू ठेवलं. तिसऱ्या ओळीतल्या पहिल्याच झाडाला एक वाळकी फांदी होती, साल खोलगट झालेली. ती त्याने कापून टाकली आणि तीच करवत पुढच्या झाडाला लावली. अंधार पडायच्या आत आठही ओळी हातावेगळ्या झाल्या.

हिवाळा सरला, तशा पहिल्या दोन ओळी पालवीने भरल्या. तिसरीपासून पुढे मात्र शेंडे काळे पडून वाळायला लागले. छाटलेल्या प्रत्येक जागेभोवती साल दबली, तडकली. ती वाळकी फांदी डॉक्टरला लख्ख आठवली.

"थंडीने करपली असतील गं," तो म्हणाला.

ताईने विश्वास ठेवला. स्वयंपाकघरातला चाकू घेऊन ती झाडामागून झाड साल खरवडत निघाली, आत हिरवं आहे की तपकिरी ते बघायला. आठव्या ओळीपासून सुरुवात करून ती मागे मागे येत दुसरीपर्यंत पोचली. डॉक्टर कुंपणापाशी उभा होता. 'चाकू पुसून घे', एवढंच सांगायचं होतं. पण ती लगेच विचारणार, का रे? मग करवतीचं निघणार. तो कुंपणापाशीच थांबला. ताईने पहिली ओळही खरवडली.

दीड महिन्याने फळझाडांच्या रोगांच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी भिंगाखाली सालीवरचे टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दाखवले.

"बुरशी आहे. जखमेतून शिरते, हत्यारावरून झाडोझाड पसरते. छाटणी कोणी केली?"

"माझ्या भावाने," ताई तोऱ्यात म्हणाली. "इतका काळजी घेणारा माणूस शोधून सापडायचा नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून बुटांवरची माती झटकत राहिला. पहिल्या दोन ओळींतही, चाकू लागला होता तिथे तिथे, साल खचली होती. सगळी बाग तोडून जाळा, असं सांगून बाई गेल्या.

ताई चहाचे कप विसळत होती, तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. तिने नळ बंद केला.

"बाटली संपली, हे समजू शकते मी. पण मी चाकू घेऊन फिरत होते, तेव्हा तू कुठे होतास?"

"कुंपणापाशी."

"बघत होतास?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

आतल्या खोलीतून भाऊजींनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही," ताई म्हणाली.

तोडायला तीन दिवस लागले. करवत त्यानेच चालवली, ताई फांद्या ओढून जाळात टाकत होती. ती त्याला नको म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी धूर घरात जायला लागला, तेव्हा तिने भाऊजींच्या खोलीची खिडकी लावून घेतली.

वर्षभराने छाटणीच्या धंद्यातला एक जुना सोबती त्याला रस्त्यात भेटला.

"तुझ्या ताईने घरामागच्या पडीक तुकड्यात नवी रोपं लावलीत. त्यांना वळण द्यायला मला बोलावलंय. घरचा डॉक्टर असताना मी कशाला? आजारी आहेस का?"

"हो," तो म्हणाला. "हात दुखतोय जरा."